वीज स्थिर होईपर्यंत

आमच्या घरी वीज गेली तर कोणी काही बोलत नाही. टीव्ही बंद पडल्याबद्दल थोडी कुरकुर होते, इतकंच. पण वीज गेली, लगेच आली आणि पुन्हा गेली, की माझी बायको सुनंदा हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघते. मी तोवर खुर्चीतून उठलेलो असतो. कुठे जायचं नसतं, कोणाला फोन करायचा नसतो.

"अहो, बसा. तो प्लांट कधीच मोडीत गेला," ती म्हणते.

मी बसतो. 

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "तुम्ही इतकी वर्षं जे संशोधन केलंत ते आमच्या वाचकांना समजेल असं लिहा." मी हो म्हणालो आणि मग बरेच दिवस टाळत राहिलो. कारण माझं काम समजावून सांगायचं म्हटलं की ती दुपार सांगावी लागते, आणि ती मी आजवर सुनंदाखेरीज कोणाला नीट सांगितलेली नाही.

आधी काम. मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि नियंत्रण सिद्धांतात संशोधन करतो. नियंत्रण म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला हवी तिथे ठेवणं. चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून आच कमी-जास्त करणारा हात हा नियंत्रकच. तो हात काय बघतो, किती उशिरा बघतो, किती घाबरतो, याचं गणित म्हणजे आमचा विषय. त्यातही माझा कोपरा वेगळा. स्कूटरचा वेग हळूहळू वाढतो, पण गिअर हळूहळू बदलत नाही. तो पहिला असतो, नाहीतर दुसरा. ज्या यंत्रांमध्ये अशा सलग वाहणाऱ्या आणि खटकन बदलणाऱ्या गोष्टी एकत्र नांदतात, त्यांना आम्ही संकरित प्रणाली म्हणतो. नाशिक जिल्ह्यात हा शब्द उच्चारण्याचा तोटा असा, की समोरचा माणूस लगेच विचारतो, "टोमॅटोत का मिरचीत?"

या प्रणालींची एक गोष्ट मला विद्यार्थी असताना पहिल्यांदा कळली, तेव्हा अंगावर काटा आला होता. भरलेली बादली घेऊन एका लयीत चाला, पाणी सांडत नाही. बादली घेऊन उभे राहा, तरी सांडत नाही. पण चाला, थांबा, चाला, थांबा असं नेमक्या वाईट तालात केलंत, तर अर्धी बादली पायावर येते. चालणंही सुरक्षित, थांबणंही सुरक्षित. सांडतं ते अदलाबदलीत. यावर उपाय म्हणून आम्ही प्रमेयाच्या सुरुवातीला एक ओळ लिहितो: एकदा बदल झाला की पुढचा बदल अमुक इतका वेळ होणार नाही, असे मानू. त्या ओळीनंतर सगळं गणित छान सुटतं.

"असे मानू." हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील, सांगता येत नाही.

नव्वदच्या दशकात मुंबईहून पीएचडी करून परत आलो तेव्हा नाशिकला कोणालाच माझी गरज नव्हती. अंबड-सातपूरचे कारखानदार चहा पाजून परत पाठवत. माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पंचवटीतल्या एका छोट्या देवळाचे विश्वस्त. त्यांनी विजेवर वाजणारा नगारा आणि घंटा आणली होती आणि ती आरतीच्या वेळेला आपोआप सुरू व्हावी अशी त्यांची इच्छा होती. मी मोठ्या हौसेने एक छोटं सर्किट बसवून दिलं. आठवड्याभरात त्या विश्वस्तांपैकी एक काका कॉलेजच्या दारात हजर.

"प्रोफेसर, देवाला झोपू देणार आहात की नाही?"

"काय झालं काका?"

"काल वीज चारदा गेली नि आली. दरवेळी तुमचं यंत्र आरती पहिल्यापासून सुरू करतंय. शेवटी गुरुजी म्हणाले, एक तर ते राहील नाहीतर मी."

यंत्राला आपण कुठवर आलो होतो हे आठवत नव्हतं. वीज आली की त्याच्यासाठी जग नव्याने सुरू व्हायचं. आम्ही खूप हसलो, मी ते वर्गात उदाहरण म्हणून सांगू लागलो, मुलंही हसायची. हसण्याच्या नादात त्यातलं भिण्यासारखं जे होतं ते माझ्या नजरेतून सुटलं.

पुढे दोन हजार सालानंतर लोडशेडिंग वाढलं, आणि माझ्या विषयाला अचानक भाव आला. दिंडोरीच्या बाजूला द्राक्ष बागायतदारांच्या एका संघाचं पॅकहाऊस होतं. निर्यातीची द्राक्षं बागेतून आली की बायका ती निवडून, कातरून खोक्यांत भरत आणि खोकी लगेच थंड खोलीत जात. द्राक्षाच्या देठातलं ऊन जितकं लवकर काढाल तितका माल परदेशात हिरवा पोहोचतो. दिवसातून कितीदा तरी वीज जायची, जनरेटर सुरू व्हायचा, वीज यायची, जनरेटर थांबायचा, आणि प्रत्येक वेळी थंडावा बिघडायचा. संघाचे चेअरमन, ज्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा, ते स्वतः मला भेटायला आले.

"सर, डोकं असलेलं काहीतरी बसवा. आमचा ऑपरेटर चांगला आहे, पण त्याला दोनच हात आहेत."

तो ऑपरेटर म्हणजे निवृत्ती गांगुर्डे. माझ्याहून थोडा मोठा, अखंड बोलणारा, बढाईखोर म्हणावा असा. यंत्र चालवण्यापेक्षा यंत्राविषयी सांगण्यात त्याला जास्त गोडी. मी त्याला निवृत्तीभाऊ म्हणायचो. माझा नियंत्रक बसला आणि पहिल्याच हंगामात काम झकास झालं, तेव्हा आलेल्या-गेलेल्याला तो माझी पेटी दाखवायचा. "ह्यात सरांचा मेंदू हाय. मी आता निस्ता बसून राहतो. पगार तेवढाच."

आता ती पेटी काय करत होती ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिथली थंडी अमोनियाची. द्रव अमोनिया थंड खोलीतल्या नळ्यांत उकळतो आणि उकळताना खोलीची उष्णता घेतो. त्याचा वायू होतो. तो वायू कॉम्प्रेसर ओढून घेतो, दाबतो, आणि बाहेर त्याचा पुन्हा द्रव होतो. कॉम्प्रेसरने फक्त वायू गिळायचा. द्रव दाबला जात नाही. पिस्टनसमोर द्रव आला तर तो दगडावर आपटावा तसा आपटतो, आणि वरचं लोखंडी झाकण फुटू शकतं. फुटलं तर अमोनिया बाहेर. अमोनियाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. थोडा असला तर डोळे जळतात. कोंडलेल्या जागेत खूप असला तर माणूस दारापर्यंत पोहोचत नाही. म्हणून नळ्या आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये एक उभी टाकी असते. चुकून आलेला द्रव तिच्या तळाशी राहतो आणि हळूहळू उकळून संपतो.

वीज परत आली की माझी पेटी आधी द्रवाचा व्हॉल्व्ह उघडायची आणि जराशाने कॉम्प्रेसर सुरू करायची, कारण मोटर लगेच भार घेत नाही. त्या मधल्या वेळात द्रवाचा एक घोट टाकीत उतरायचा. एका घोटाने काही होत नाही. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालला की तो संपतो. व्हॉल्व्ह आधी उघडल्याने द्राक्षं जरा लवकर गार होत. माझ्या संशोधनातली ही खास हुशारी होती, आणि ती सुरक्षित आहे याची सिद्धता मी एका परिषदेत मांडली होती. सिद्धतेच्या सुरुवातीला ओळ होती: वीज एकदा आली की काही मिनिटे तरी राहते, असे मानू.

मी ते का मानलं? वर्तमानपत्रात लोडशेडिंगचं वेळापत्रक छापून यायचं. निवृत्तीभाऊने त्याचं कात्रण यंत्रखोलीच्या भिंतीला चिकटवलं होतं. वीज तासांच्या हिशेबाने जाते आणि तासांच्या हिशेबाने येते, हे मला समोर दिसत होतं. मला हे वाक्य निसर्गनियमासारखं वाटलं. पंचवटीतला नगारा मला एकदाही आठवला नाही.

दुसऱ्या हंगामात, माल ऐन भरात असताना, एका दुपारी मी कॉलेजमध्ये तोंडी परीक्षा घेत होतो. बाहेर आभाळ काळं झालं होतं, वारा सुटला होता. द्राक्षाच्या दिवसांत असं आभाळ आलं की नाशिकमध्ये ज्याची बाग नाही तोही दोनदा खिडकीकडे बघतो. समोर बसलेला विद्यार्थी फळ्यावर काहीतरी काढत होता. ट्यूबलाइट गेली. आली. पुन्हा गेली. चोक गुणगुणला, पुन्हा आली, आणि पेटते न पेटते तोच गेली.

मी विद्यार्थ्याकडे बघत होतो, पण मला दिसत होती ती टाकी. एक घोट. दोन. तीन. पेटीला आधीचं काही आठवत नाही. दरवेळी तिच्यासाठी जग नव्याने सुरू होतं. व्हॉल्व्ह उघडतो, कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या आत वीज जाते, जनरेटर सुरू व्हायच्या आत परत येते, आणि घोट टाकीत तसाच राहतो. मग एकदा कधीतरी वीज जरा जास्त टिकेल. कॉम्प्रेसर सुरू होईल. आणि ओढेल.

यंत्रखोलीच्या भिंतीला लागूनच पॅकिंगचा हॉल होता. थंडावा राहावा म्हणून दारं लावलेली. आत पन्नासेक बाया.

"सर, बरोबर आहे का?" विद्यार्थ्याने विचारलं. त्याने काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. निवृत्तीभाऊचा मोबाइल लागायला वेळ लागला. लागला तेव्हा मागे पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज येत होता.

"निवृत्तीभाऊ, तिकडे लाइट कशी आहे?"

"लपंडाव चाललाय सर. येती अन् जाती. पर तुम्ही नका काळजी करू. तुमची पेटी लय हुशार हाय, आपलं आपण बघती."

"कॉम्प्रेसर सुरू झाला का?"

"नाय अजून. होईल आता."

"होऊ देऊ नका. लाल बटण दाबा. आत्ताच्या आत्ता."

"अहो सर, पावसाच्या भ्यानं सगळ्यांनी एकदम माल आणलाय. खोल्या गच्च हायेत. आबा हितंच उभे हायेत माझ्यापाशी."

"निवृत्तीभाऊ, बटण दाबा आणि बायांना हॉलच्या बाहेर काढा."

तो गप्प झाला. त्याला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सर, बाहेर गारा पडत्यात."

"पडू द्या."

मग लांबून आबांचा आवाज आला. "काय म्हणतायत सर? दे फोन इकडं. ए निवृत्ती, थांब! हात लावू नको कशाला!" आणि एक खट्ट आवाज. मोठं बटण दाबल्यावर येतो तसा. मग फोन तुटला.

पुन्हा लागला नाही. मी स्कूटर काढली. गारा लागून हेल्मेटवर टकटक होत होती, रस्त्याच्या कडेला पानं आणि गारांचा पांढरा थर साचला होता. त्या वाटेवर मी काय विचार केला असेल, तर हाच: बटण दाबल्याचा तो आवाज मी खरंच ऐकला का? की तो दुसऱ्याच कशाचा होता? लांबून पॅकहाऊसचं छप्पर दिसलं तेव्हा मी स्कूटर थांबवली आणि वारा माझ्याकडे येतोय का ते बघितलं. वास नव्हता. तरी पुढे जायला पाय उचलत नव्हता. माझ्या कामाविषयी सांगतोय तर हेही सांगायला हवं. आत माणसं होती आणि मी रस्त्यावर उभा राहून हवा हुंगत होतो.

फाटकातून आत गेलो तर सगळ्या बाया जिवंत. कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली, कोणी डोक्यावर रिकामे क्रेट धरून, सगळ्या नखशिखांत भिजलेल्या. पॅकिंगवरच्या मुकादम मंदाबाई कपाळाला पदर दाबून उभ्या होत्या. गार लागून रक्त आलं होतं.

"आले का थंडीवाले सर," त्या म्हणाल्या. "आतमध्ये आमची बोटं गारठवली, ते पुरलं नाय म्हणून बाहेर काढून गारांनी झोडलं. काय गुन्हा झाला आमचा, तेवढं तरी सांगा."

मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्यासमोर हसलो. त्या हसण्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल!

यंत्रखोलीत निवृत्तीभाऊ लाल बटणावर पालथा हात ठेवून उभा होता. वीज आता पूर्ण गेली होती, जनरेटरही बटणाने रोखला होता, ते बटण दाबून ठेवायची काही गरज नव्हती, पण तो हात काढत नव्हता. आबा दारात.

त्या टाकीच्या बाजूला एक बारीक उभी नळी असते. टाकीत द्रव जिथवर असेल तिथवर नळीवर बाहेरून बर्फाची पांढरी रेघ धरते. एरवी ती रेघ बघून पातळी सांगता येते. मी टॉर्च मारला. दमट वाऱ्याने त्या खोलीतल्या झाडून सगळ्या नळ्या वरपासून खालपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. कुठली रेघ, काही कळत नव्हतं. द्रव वाढला की कॉम्प्रेसर रोखायला टाकीला एक तरंगता गोळाही होता. दुसऱ्या दिवशी कंपनीचे फिटर आले, त्यांनी तो काढला. आत जुनं तेल साठलेलं. फिटरने हातात घेऊन हलवला तर गोळा हलला. "काढायच्या आधी हलत होता का?" मी विचारलं. फिटर म्हणाला, "ते कसं सांगणार साहेब? आता हलतोय." तोवर टाकीतला द्रवही उकळून सरला होता.

फिटरांनी सगळं तपासून प्लांट सुरू करेपर्यंत माल तापला. द्राक्षांना घाम फुटला, देठ तपकिरी पडले. कंटेनर चुकला. नंतर जो माल पाठवला तो परदेशात नाकारला गेला. गारांतून जी द्राक्षं वाचली होती, ती आमच्या खोल्यांत वाया गेली.

संघाची बैठक झाली. मला बोलावलं होतं. निवृत्तीभाऊ बाहेर, चपला काढतात तिथल्या बाकड्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "सर, तुम्ही आलात, बरं झालं. त्यांना सांगा काय झालं असतं ते. मी सांगून कोण ऐकतंय?" त्याच्यावर आरोप साधा होता: चेअरमन शेजारी उभे असताना, त्यांनी नको म्हटलेलं असताना, त्याने प्लांट बंद केला.

मी आत गेलो. मी माझ्या पेटीत काय चुकलं होतं ते सांगितलं, वीज टिकण्याचं गृहीतक मीच धरलं होतं हेही सांगितलं. घोटांचं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ते रागावलेले नव्हते, दमलेले होते. त्यातल्या दोघांच्या बागा त्याच दुपारी गारांनी झोपल्या होत्या. शेवटी आबा म्हणाले, "सर, हे सगळं आमच्या डोक्यावरून गेलं. एकच विचारतो. निवृत्तीनं बटण दाबलं नसतं तर ते फुटलं असतं का?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मला अजून तो येतो.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. जे सिद्ध करता येत नाही ते आहे म्हणायचं नाही. हीच सवय चांगल्या संशोधकाची खूण, असं माझ्या मार्गदर्शकांनी मला शिकवलं होतं आणि मी ते माझ्या मुलांना शिकवत होतो. टाकीत किती द्रव होता, मला माहीत नव्हतं. गोळा चालला असता का, माहीत नव्हतं. झाकण टिकलं असतं का, माहीत नव्हतं.

"आबा, निश्चित सांगता येणार नाही," मी म्हणालो. "शक्यता नाकारताही येणार नाही."

एक संचालक हळूच म्हणाले, "म्हणजे सरांना भीती वाटली. एवढंच."

आबा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मला आता वाटतं, त्यांना हो ऐकायचं होतं. हो मिळालं असतं तर ते निवृत्तीला आत बोलावून चहा देणार होते, आणि बाहेर शेतकऱ्यांना सांगणार होते की माल गेला पण बाया वाचल्या. माझ्या एका शब्दाने त्या नुकसानीला अर्थ आला असता. मी अचूक राहिलो.

निवृत्तीला पुढच्या हंगामात येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. माझी पेटी काढून ठेवली. मला कोणी वावगं बोललं नाही. कॉलेजला उलट सहकार्याबद्दल आभाराचं पत्र आलं. बाहेर पडताना मी बाकड्याजवळ थांबलो नाही. चपला घालून निघालो. मागून हाक आली नाही.

त्यानंतर मी संगणकावर ती दुपार किती वेळा चालवली याची गणती नाही. विजेच्या येण्या-जाण्यातलं अंतर जरा बदललं की उत्तर बदलतं. एका आकड्याला टाकी अर्धी राहते, जरा सरकवला की कॉम्प्रेसर द्रव ओढतो. मी पडद्यावर ते झाकण फुटताना बघायचो आणि मग आकडा मागे सरकवून सगळ्यांना वाचवायचो. पुन्हा पुढे सरकवायचो. सुनंदा म्हणायची, "पुरे आता." पण मला थांबता येत नव्हतं, कारण खरं कुठलं ते दोन्हींतून कळत नव्हतं. फुटलं नसतं तर मी एका माणसाची रोजी विनाकारण घालवली. फुटलं असतं तर मी बायांनी भरलेल्या हॉलशेजारी अशी वस्तू बसवून दीड हंगाम तिचं कौतुक ऐकत होतो. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटावं, हेही मला ठरवता येत नव्हतं.

यातून एक चांगलं संशोधन झालं. वीज आल्यावर नियंत्रकाने काहीच करायचं नाही. ती स्थिर आहे याची खात्री पटेपर्यंत थांबायचं. आधी जे मानत होतो, ते यंत्राकडून पाळून घ्यायचं. त्या लेखाला दाद मिळाली, दोन-तीन कारखान्यांनी ते वापरलंही. मला त्याचा अभिमान आहे. त्या लेखावर माझं एकट्याचं नाव आहे.

बऱ्याच वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला दिंडोरीच्या पलीकडे एका गावात गेलो होतो. बोलता बोलता कोणीतरी म्हणालं, "गांगुर्डे का? पलीकडच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी आहे." मी जेवणाच्या पंगतीतून उठलो. लगेच गेलो नसतो तर गेलोच नसतो.

गिरणी बंद होती, वीज नव्हती. डबे ओळीने मांडलेले, तीन-चार बाया ओट्यावर बसलेल्या. निवृत्तीभाऊ पार पिठाने पांढरा. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"या सर. पेटी नाय आणली?"

बाया हसल्या. त्याने स्टूल पुसून दिलं. इकडचं तिकडचं बोललो. मंदाबाई नातवंडांत रमल्यात म्हणाला. आबा वारल्याचं त्याने सांगितलं; मला माहीत नव्हतं. मग तो एकदम म्हणाला, "सर, एक इचारू? इतकी वर्षं डोक्यात हाय. घरात बी लोक म्हणत्यात, तुझ्या सरांचं ऐकून पायावर धोंडा पाडून घेतला. तुम्ही खरं सांगा. फुटलं असतं ना ते?"

तोच प्रश्न. या वेळी खोलीत फक्त तो, मी आणि दळणाच्या बाया. मला अजूनही काही माहीत नव्हतं. आकडा इकडे सरकवला तर हो, तिकडे सरकवला तर नाही.

"हो," मी म्हणालो. "फुटलं असतं."

त्याने डोळे मिटले. खांदे खाली आले. ओट्यावरच्या एका बाईकडे वळून म्हणाला, "ऐकलं का ग? फुटलं असतं." ती त्याची बायको असावी. मला हलकं वाटलं, पण अगदी थोडा वेळ. कारण तो परत माझ्याकडे वळला होता.

"मंग तवा का नाय सांगितलं?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. माझा हो खोटा होता असं सांगायचं आणि आत्ताच दिलेलं काढून घ्यायचं. किंवा मला माहीत असूनही मी तुमच्या पाठीशी उभा राहिलो नाही, असा माणूस म्हणून त्याच्यासमोर बसून राहायचं.

"घाबरलो होतो, निवृत्तीभाऊ," मी म्हणालो.

एवढं मात्र मी सिद्ध करू शकलो असतो.

तो पिठाचा हात लेंग्याला पुसत राहिला. तेवढ्यात वरचा दिवा लागला. बाया उठल्या, डबे सरकवू लागल्या. "आली, आली! लाव बरं पटकन, भाऊ, सैपाक खोळंबलाय."

निवृत्तीभाऊ उठला, पण स्विचपाशी जाऊन तसाच उभा राहिला. हात खाली. नजर वर, दिव्याकडे. दिवा मिचकला, गेला, परत लागला.

"काय बघत बसलाय? लाव की!"

"थांब," तो म्हणाला. "नीट येऊ दे."

मी स्टुलावरून उठलो होतो. मी पण दिव्याकडेच बघत होतो. बाया आम्हा दोघांकडे बघून हसायला लागल्या. आम्ही काही केल्या मान खाली घेतली नाही.